पोट खोकत नाही

डॉक्टर टिपणीस भूल द्यायला आले की आधी स्कूटरवरचा गॉगल डोळ्यांवर चढवत. मग एकावर एक दोन मास्क. मग ऑपरेशन टेबलाच्या उशाशी उभे राहत. पेशंट आधी त्यांनाच घाबरायचा.

ऐंशीच्या दशकात मी उल्हासनगर कॅम्प पाचमधल्या एका नर्सिंग होममध्ये सिस्टर होते. मालक सिंधी सर्जन. ते विचारत, "साईं, वेल्डिंग करने आए हो क्या?"

"तुमच्यासमोर पेशंटचं पोट असतं," टिपणीस म्हणत, "माझ्यासमोर तोंड. पोट खोकत नाही."

घशात नळी घालताना ते सगळ्यांना मागे सरकवत. कुणाचा मास्क खाली घसरलेला दिसला की म्हणत, "हनुवटीला टीबी होत नाही." आम्ही हसायचो. ते हसत नसत.

एका दुपारी बारवी धरणाकडच्या पाड्यावरून एक बाई लहान मुलीला घेऊन आली. घटसर्प. घशात राखाडी पडदा, श्वासाला करवतीसारखा आवाज.

"मुंबईला पाठवू," मालक म्हणाले.

"वाटेत जाईल."

टिपणीसांनी सगळ्यांना बाहेर काढलं, फक्त मला ठेवलं. आणि आपला गॉगल माझ्या डोळ्यांवर चढवला.

"आणि तुम्ही?"

"काचेवर वाफ धरते. मला नीट दिसायला हवं."

नळी जाताना पोर जोरात खोकली. पडद्याचा एक तुकडा त्यांच्या डोळ्याखाली येऊन चिकटला. हात हलला नाही. नळी बसली, पोरीच्या ओठांवर रंग आला, मगच ते तोंड धुवायला गेले.

"वाचंल का वो?" आईने विचारलं.

"वाचेल. आता तुमचा घसा दाखवा."

मुंबईहून औषध आलं, पोर सावरली. टिपणीस मात्र घरी गेले नाहीत. वरच्या स्टोअररूममध्ये गादी टाकून राहिले. त्यांना जेमतेम महिन्याची मुलगी आहे, तिला अजून लस टोचलेली नाही, हे आम्हाला तेव्हा कळलं.

त्यांचे कपडे आणायला मी संध्याकाळी अंबरनाथ पश्चिमेला त्यांच्या घरी गेले. खाली, रस्त्यापलीकडे, तोंडाला रुमाल बांधून ते स्वतःच उभे होते. वर गॅलरीत बायकोने बाळाला उंच धरलं होतं.

मला पाहून ते जरा ओशाळले. मग म्हणाले, "सिस्टर, तुमची नजर चांगली आहे. हसली का हो ती?"

तिसऱ्या मजल्यावर मला नुसतं दुपटं दिसत होतं.

"हसली," मी म्हटलं.