भोयर सरांची दुरुस्ती

"मी मजेत आहे" असं कुणी म्हटलेलं भोयर सरांना चालत नसे. ते डोळे बारीक करून समोरच्याला न्याहाळत आणि म्हणत, "ठीक आहे. आता याले दुरुस्ती लावू." तुम्ही खरोखर मजेत असलात, तरी ते गेल्यावर तुम्हालाच शंका येऊ लागे.

आमची भिंतीला भिंत. मी सरकारी कचेरीत कारकून, सर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे आणि उरलेला वेळ कसल्याशा आकडेमोडीत घालवायचे. ही भानगड काय, असं मी एकदा चुकून विचारलं आणि माझा अख्खा रविवार गेला.

"इलेक्ट्रॉन अणूवर आदळते. झटका बसला का थोडा उजेड टाकून देते. ज्यानं जास्त टाकला, तो आपल्या मोजणीतूनच सुटते. मंग आकडा कमी भरते. किती सुटले ते कागदावर काढून परत जोडावं लागते, तेच दुरुस्ती गा!"

हे इलेक्ट्रॉनपुरतं राहिलं असतं तर कुणाची तक्रार नव्हती. सर ते माणसांना लावत. माझं प्रमोशन हुकलं तेव्हा "मला काही फरक पडत नाही" असं मी ऐटीत सांगत फिरत होतो. सरांनी ऐकलं, हाताला धरून मला बर्डीच्या बाजारात नेलं आणि तर्रीपोहे पुढ्यात ठेवले. दुसऱ्या घासाला मी रडलो, चारचौघांत. मला त्या माणसाचा इतका राग आला होता की काही विचारू नका.

सूट फक्त एकाच व्यक्तीला होती. त्यांच्या बायकोला, सुमनताईंना. "सुमनच्या आकड्याले दुरुस्ती लागत नाही. ते बोलते तेवढंच असते," असं सर अभिमानानं सांगत. सुमनताईंनी भाजीत मीठ जास्त म्हटलं की जास्त. आणि "पोट दुखते थोडं, ॲसिडिटी असन" म्हटलं की ॲसिडिटी.

त्या उन्हाळ्यात सरांना मुंबईच्या मोठ्या संगणकावर वेळ मिळाला. कित्येक वर्षं हातानं रेटलेलं काम तिथे पुरं होणार होतं. सर संगणकाला द्यायच्या, भोकं पाडलेल्या कार्डांचे गठ्ठे बांधत होते, चक्क गुणगुणत होते. त्याच आठवड्यात सुमनताई आमच्या स्वयंपाकघरात भिंतीला टेकून मटकन खाली बसल्या. माझी बायको मालती धावली.

"पोटात गाठ लागते वं हाताले," त्या म्हणाल्या. "यायले सांगू नको. सांगतलं त मुंबईले जाणारच नाही. येऊ दे त्यायले, मंग दाखवू."

मालती खूप भांडली. शेवटी सुमनताईंनी तिला स्वतःच्या गळ्याची शपथ घातली.

सर गेले. तिकडे काम लांबलं, मुक्काम वाढत गेला. घरून "सगळं ठीक" असा निरोप जाई आणि दुनियेला दुरुस्त्या लावणारा हा शहाणा माणूस तो निरोप जसाच्या तसा धरून चाले. ते परतले तेव्हा डॉक्टरांनी पोट उघडलं आणि तसंच शिवून टाकलं. पोळ्याच्या आधी सुमनताई गेल्या.

तेरावं झाल्यावर सर आमच्याकडे आले. मालतीनं चहा आणला.

"वहिनी," त्यांनी विचारलं, "तिनं तुम्हाले काही सांगतलं होतं काय?"

मालती खोटं बोलण्यात अगदी कच्ची. ती चहाकडे बघत म्हणाली, "नाही जी सर. आम्हालाही कळू नाही दिलं."

सरांनी डोळे बारीक करून तिला न्याहाळलं. सुमनताई सोडल्या तर या माणसापुढे आजवर कुणाचं काही लपलं नव्हतं.

त्यांनी तिच्या हातातला कप घेतला. "बरं झालं," ते म्हणाले. "माहीत असतं त तुमच्या जिवाले जन्मभर लागून राहिलं असतं."

मालती आत गेली आणि तोंडात पदर कोंबून रडू लागली. हुंदके बाहेर स्पष्ट ऐकू येत होते. सर माझ्याकडे वळले आणि आमच्या गल्लीत नळाला पाणी काहून येत नाही, यावर तावातावानं बोलत सुटले. ओरडूनच बोलत होते. बाहेर काहीच ऐकू येत नाही, असं तिला वाटावं म्हणून.