नानांचा माघ महिना

ज्या दिवशी एखाद्या थोर पुरुषाने देह ठेवला नाही, असा एकही दिवस खानदेशाच्या इतिहासात उगवला नाही. हे विधान आमच्या धुळ्याच्या इतिहास सभेचे चिटणीस आत्माराम नाना यांचं. आपला मुलूख एवढा पराक्रमी असेल अशी मला कल्पना नव्हती. पण नानांनी चैत्री पाडव्यापासून फाल्गुनी अमावास्येपर्यंत प्रत्येक तिथीला एक मयत शोधून काढला होता आणि सभेच्या भिंतीवरच्या भल्यामोठ्या तक्त्यात त्याचं नाव मांडलं होतं. एक दिवस, एक नाव, असा नियम.

रोज संध्याकाळी पाचला आम्ही सभासद जमायचो. नाना तक्त्याकडे पाहून त्या दिवसाचं नाव वाचत आणि म्हणत, "उभे राहा." आम्ही उभे राहायचो. किती वेळ, ते नानांच्या मर्जीवर. ते डोळे सताड उघडे ठेवून कोण चुळबुळ करतो ते पाहत, आणि समाधान झालं की म्हणत, "बसा. गेले बिचारे." अधिक महिना आला की मात्र आम्हांला खरोखरच पुण्य लाभल्यासारखं वाटे, कारण त्यात कोणी मेलेलं नसे.

नाना मूळचे सोनगीरचे. कलेक्टर कचेरीच्या दप्तरखान्यात मोडी कागद वाचण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. कचेरीत आणि सभेत ते स्वच्छ पुणेरी मराठी बोलत. रागावले किंवा हळवे झाले की सोनगीरची बोली वर येई. हळवं झालेलं मी त्यांना एकदाच पाहिलं, ते पुढे सांगतो. रागावलेलं रोज पाहायचो. कोणी काही म्हणालं की त्यांचा ठरलेला प्रश्न यायचा, "कागद शे का?" म्हणजे, लेखी पुरावा आहे का? माझ्या घरी पाहुणे आले तेव्हा मी म्हणालो, "हे आमचे थोरले मामा." नाना म्हणाले, "कागद शे का?" मामा तीन दिवस गप्प गप्प होते.

आमचे एक सभासद गुलाबशेठ, सरकीचे व्यापारी. त्यांच्या मुलीचं लग्न वैशाखात होतं आणि वऱ्हाड पहूरचं होतं. अंतरपाट धरला, भटजींनी घसा साफ केला, तेवढ्यात नाना पुढे झाले. "मंडळी, आज वैशाख वद्य सप्तमी. सोनगीरच्या किल्लेदाराची घोडी आजच्या दिवशी मरण पावली. आपण उभेच आहात, तर तसेच राहा." नवरदेवाच्या वडिलांचा चेहरा पांढरा पडला. बाहेर नवरदेवाची घोडी फुरफुरली. अक्षता मुठीत धरून दीडशे माणसं एका जनावरासाठी स्तब्ध उभी राहिली, आणि मग नाना शांतपणे म्हणाले, "चालू द्या. गेली बिचारी."

"नाना, घोडी?" मी मांडवाबाहेर त्यांना गाठलं.

"कागद पक्का आहे, वकीलसाहेब. 'घोडी मयत, चंदी बंद करावी.' चंदी म्हणजे तिचा दाणा. खाली तिथी, शिक्का. तुमच्या कितीतरी सरदारांना एवढा पुरावा नाही."

गुलाबशेठ हे विसरले नाहीत. त्यातून त्यांचे गुडघे दुखायचे. पुढच्या वार्षिक बैठकीत त्यांनी ठराव मांडला की ज्या नावाला कागद नाही ते तक्त्यातून कापावं.

"नाना, मना गुडघा आता इतिहासजमा व्हई जातीन," ते म्हणाले. "निम्मं तरी कमी करा."

नाना चवताळून उठतील असं आम्हांला वाटलं होतं. पण ठराव त्यांच्याच आवडत्या प्रश्नाचा होता. ते नुसते तक्त्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "योग्य आहे. तपासा." तपासण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण मी वकील आणि मला कशावरच विश्वास नसतो, अशी माझी ख्याती.

मी महिनाभर नानांची दप्तरं चाळली. आशा अशी की निम्मी नावं गळतील. झालं उलटंच. चैत्रापासून पौषापर्यंत प्रत्येक नावामागे कागद होता. कुठे देवळातला लेख, कुठे पाटलाच्या वंशावळीतली ओळ. फाल्गुनही चोख. माणूस तऱ्हेवाईक असेल, पण लबाड नव्हता.

मग मी माघ उघडला. माघात कागदच नव्हता. तीस तिथी, तीस नावं, आणि एकाही नावामागे चिटोरा नाही. तीसही थोर पुरुष सोनगीरलाच वारले होते. त्यांपैकी एकही लढाईत पडला नव्हता. सगळे तापाने गेले होते. नानांनी तीस माणसं मनाने रचली होती. ज्या माणसाने माझ्या मामांकडे पुरावा मागितला, त्याने.

आणि मला आठवलं की माघात नाना डोळे मिटून उभे राहत. गुलाबशेठना हे ठाऊक होतं. माघात ते हळूच बसून घ्यायचे. मीही एकदोनदा बसलो होतो.

दुपारी मी यादी घेऊन त्यांच्या घरी गेलो. नाना ओसरीवर जुन्या कागदांची वाळवी झटकत होते. मी यादी समोर ठेवली.

"हे काय आहे, नाना?"

त्यांनी पाहिलंही नाही. "बठ्ठं खोटं शे," ते म्हणाले. सगळं खोटं.

वकिलीत मी पुष्कळ कबुलीजबाब ऐकले. इतक्या लवकर कोणी दिला नव्हता.

"प्लेगच्या साली," नाना म्हणाले, "कचेरी गावाबाहेर तंबूत हलवली. दप्तर सोडून जायचं नाही, असा मला हुकूम होता. घरची सोनगीरला. सगळं गाव शेतात झोपड्या बांधून राहिलं होतं. मी इथे पेशवाईपासूनचे कागद उन्हात घालत होतो. एकही हरवला नाही, साहेबांनी शाबासकी दिली. सुटून गेलो तर झोपड्या जाळून टाकलेल्या. तसा रिवाजच होता. मयतांच्या नोंदी पाटील लिहायचा, तो त्याच झोपड्यांत गेला, आणि त्याची वहीही. घरची गेली त्या दिवशी, माझा मेहुणा म्हणाला, चतुर्थी होती. शेजारीण म्हणाली, एकादशी. माघ एवढं दोघांनाही आठवत होतं."

त्यांनी वाळवीचा कागद पुन्हा एकदा झटकला.

"तिना दिवस कोणता, माले माहीत नही. म्हनीसन बठ्ठाच दिवस उभा ऱ्हास."

मी हादरलो होतो. तरीही वकिलाची जीभ, ती चालायचीच. म्हणालो, "नाना, तिथी माहीत नसेल तर सर्वपित्री अमावास्येला करतात. शास्त्र आहे तसं."

"ती भाद्रपदात गेली नाही," नाना एकदम चिटणिसाच्या आवाजात म्हणाले. "अंदाजे तिथी लिहिणाऱ्याला मी सभेत बसू देत नाही. घरच्यांसाठी वेगळा नियम करू?"

"मग तीस दिवस तिचंच नाव लिहायचं."

"बायकोच्या नावाने सभासदांना महिनाभर उभं करायचं? लोक हसले असते."

घोडीसाठी वऱ्हाड उभं करणारा माणूस हे बोलत होता. मी हसलो नाही.

यादी माझ्याकडे सरकवून ते म्हणाले, "ठराव तर समोर आहे, वकीलसाहेब. कागद नाही. नावं कापा. फक्त एक सांगा, माघात मी सभेत येऊन एकटा उभा राहिलो तर चालेल ना?"

बैठकीच्या दिवशी गुलाबशेठ पेन्सिल चाकूने टोकदार करूनच आले होते. नाना कोपऱ्यात बसले होते, तक्त्याकडे पाठ करून. मी उठलो आणि अहवाल दिला.

"अकरा महिने निर्दोष आहेत. माघातल्या तीस दिवसांपैकी एक नक्की खरा आहे. कोणता, ते सांगणारी वही जळाली. ती जळाल्याचं मी साक्षीदाराच्या तोंडून ऐकलं आहे. सबब, तिसांपैकी एकालाही हात लावू नये."

"वकीलभाऊ," गुलाबशेठ म्हणाले, "कोर्टात असंच चालतं का?"

"कोर्टात याहून वाईट चालतं."

सभासद हसले आणि ठराव बारगळला. गुलाबशेठांनी पेन्सिल खिशात घातली. नानांनी माझे आभार मानले नाहीत. बाहेर पडताना एवढंच म्हणाले, "साक्षीदार उलटतपासणीत टिकला नसता."

त्या माघात मी एकदाही बसलो नाही. गुलाबशेठ पहिले दोन दिवस बसले. मी त्यांच्याकडे पाहत राहिलो, तिसऱ्या दिवसापासून तेही उभे राहिले. कारण त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

नाना पुढे चार वर्षांनी गेले, फार आजारी न पडता. मी त्यांच्या उशाशी होतो. वेळ नोंदवली, पंचांग पाहिलं, दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. या मयताची तिथी कोणालाही कधी विचारावी लागू नये, अशी तजवीज केली. मग तक्त्यात नाव घालावं म्हणून सभेत गेलो आणि त्या चौकोनापाशी थांबलो.

वैशाख वद्य सप्तमी. एक दिवस, एक नाव.

गुलाबशेठ म्हणाले, घोडी काढून टाकू. पण तिचा कागद जुना होता, शिक्का स्पष्ट होता, आणि नियम नानांचा होता. दर वैशाखात आम्ही त्या दिवशी उभे राहतो, जरा जास्तच वेळ. तक्त्यात अजून घोडीच आहे.