डोहाचा दंड

"पोरीला मी हितं आणायची नाय," चंद्राबाई म्हणाली. "तिचं पयलं बाळंतपण सासूनंच करावं. लोकं काय बोलायचं ते बोलूंदेत."

नामाने सुपारी गालात सरकवली. पहिलटकरणीला माहेरी आणायचं नाही म्हणजे बापाच्या तोंडाला काळं, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. पण बायकोचंही खोटं नव्हतं. शेलूच्या वरच्या अंगाला उल्हास नदीचा डोह आहे. त्याच्या काठच्या वाळूत झरे उकरून आंबेवाडी पिढ्यान् पिढ्या पाणी पीत आली. मग जर्मनची लढाई लागली, दोरखंडांना गिऱ्हाईक वाढलं, तागाला कधी नव्हे तो भाव आला आणि वाडीने भात निघताच शेतोशेत ताग पेरला. कापलेला ताग सोलायचा तर आधी आठ-दहा दिवस पाण्यात कुजत घालावा लागतो. तो सगळ्यांनी डोहात घातला. पाणी काळं पडलं, मासे उलटे तरंगले, म्हशीसुद्धा काठावर येऊन परत फिरू लागल्या. चंद्राबाई पाऊण कोसावरून पाणी आणत होती आणि चैत्रात लेक आनंदी यायची होती.

नामा गावकीचा पंच. त्याने देवळात बैठक बोलावली आणि ठराव करून घेतला. डोहात ताग घालील त्याला जुडीमागे एक आणा दंड, आणि दंडाच्या पैशातून गावाला विहीर. पैसे मोरूकडे ठेवायचे. मोरू सरळ माणूस होता. नियम म्हटला की त्यापुढे त्याला सख्खा भाऊही दिसत नसे.

दुसऱ्या दिवशी भर सकाळी वाडीतला गजा तागाने गाडी भरून डोहावर हजर झाला.

"गजा, दंड लागंल रं," नामा म्हणाला.

"म्हणून तर गाडी आणली. ईस जुड्या, हे ईस आणं. आता कुनी वाकडं बोलायचं नाय, पैसं भरल्यात."

पूर्वी हाच गजा तिन्हीसांजेला जुड्या बुडवायचा आणि नामा दिसला की मान खाली घालायचा. आता त्या लाजेची किंमत एक आणा ठरली होती आणि ती सगळ्या वाडीला परवडत होती. चार दिवसांत शेजारच्या गावच्या गाड्याही येऊ लागल्या. डोह डांबरासारखा झाला, पण मोरूची पिशवी भरली आणि धाकलू वडाराने विहीर खणायला घेतली.

अकरा हातांवर काळा खडक लागला. सुरुंगाला पैसा हवा, म्हणून गावकीने दंड दोन आणे केला. तेव्हा मात्र लोकांनी बोटांवर हिशेब केला आणि आपापल्या शेतात ओढ्याच्या कडेला खड्डे खणून ताग तिकडे नेला. पंधरा दिवसांत डोहाचा तळ दिसू लागला. चंद्राबाईने स्वतः ओंजळभर पाणी पिऊन पाहिलं आणि व्याह्यांकडे निरोप धाडला की पाडवा झाला की पोरीला पाठवा. नामाला त्या रात्री फार दिवसांनी स्वस्थ झोप लागली.

सकाळी मोरूने बैठक बोलावली. चेहरा सुतकी.

"दंडच येत नाय," तो म्हणाला. "माणसं नियम पाळाया लागली. आता इहिरीचं काय करायचं? धाकलूची माणसं बसून हायती."

सगळ्यांनी गंभीरपणे माना हलवल्या. दंड दोन पैशांवर, म्हणजे अर्ध्या आण्यावर, आणायचा ठरला. गावाच्या भल्यासाठी प्रत्येकाने होईल तितका ताग डोहातच घालावा, असंही ठरलं. नामाने मान हलवली, कारण विहिरीची कल्पना त्याचीच होती. पंचाने पायंडा पाडावा म्हणून पहिल्या अकरा जुड्या त्याच्याच पडल्या.

"इहीर कशाला?" त्या संध्याकाळी चंद्राबाईने विचारलं.

"चांगलं पाणी मिळावं म्हणून."

"मंग डोहात चांगलं पाणी व्हतं तवा काय वाईट व्हतं?"

"इहीर झाली की कळंल तुला."

"कवा व्हनार?"

"जेठात."

"आन् पोर आठ दिवसांत येतेय."

 उजाडताच नामा डोहात उतरला. डोहात मासे धरणारी कातकरी जोडी, पोशा आणि मंगळी, त्याच्या हाताखाली आली. मजुरी विचारली तर मंगळी म्हणाली, "मासं आलं की आमचं निघंल." दुपारपर्यंत तिघांनी दोनशे चाळीस जुड्या काढल्या आणि गाडीत घालून ज्याच्या त्याच्या खड्ड्यात नेऊन सोडल्या.

संध्याकाळी गावकी बसली.

"नामाभाऊ, ह्या दंड भरलेल्या जुड्या," मोरू म्हणाला. "भरलेली जुडी काढायचा हक्क कुनालाच नाय. काढनाऱ्याला दुप्पट दंड, जुडीमागं एक आणा."

"त्यातल्या अकरा माज्याच हायत."

"त्याबी भरलेल्या. पंधरा रुपयं झालं."

नामाने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी नेरळच्या बाजारात पारडी विकली. वाईट फार वाटलं, पण मागे वळून पाहिलं नाही. परत येऊन त्याने मोरूपुढे पंधरा रुपये ठेवले. मग आणखी पंधरा ठेवले.

"हे कसलं?"

"पुढच्या दोनशे चाळीस जुड्यांचं. कुनी टाकली की मी काढनार. दंड आगाऊ भरलाय, तवा माजाबी हक्क झाला."

 मोरूला नियमात कुठे खोट सापडेना. त्याने पैसे पिशवीत टाकले आणि धाकलूला सुरुंग आणायला सांगितलं.

नामा देवळाच्या पायऱ्या उतरला तेव्हा मोरू मागोमाग आला आणि इकडेतिकडे पाहून हलक्या आवाजात म्हणाला, "नामाभाऊ, समद्या जुड्या काढनार ना? एकबी ठेवू नको. काढलेली जुडी पुना पडली की टाकनाऱ्याचा पुना दंड. अजून चार हात खडक हाय."