काहिलीत उभं राहू नये

ऑक्टोबर महिन्यात माणसानं अंगावर काय घालावं, हे अख्ख्या बेळगावात फक्त मला कळतं! खडेबाजारात रेडिमेड कपड्यांच्या एका दुकानात मी सेल्समन आहे. नाव नागेंद्र, गाव कंग्राळी. गिऱ्हाईक पायरी चढायच्या आत मी त्याच्या कमरेचं माप सांगतो. आणि ऑक्टोबर म्हणजे तर माझी खासियत! सकाळी धुकं, दुपारी तापलेला तवा, संध्याकाळी परतीचा पाऊस. असल्या लबाड महिन्यात काय घालावं हे लोकांना कळत नाही, म्हणून ते दुकानात येतात आणि मी सांगेन ते घेऊन जातात.

एवढं सगळं असून माझं लग्न मात्र जमत नव्हतं. शेतकऱ्याचं पोर, त्यात सेल्समन. कुणी विचारलं तरी आईनं माझं वय सांगायचं कधीच बंद केलं होतं. आणि अशात एक स्थळ आलं. मुलगी प्रियदर्शनी, शिकलेली, निपाणीत एका शाळेत शिकवणारी. फोटो बघून मी दिवसभर गिऱ्हाइकांना चुकीच्या मापाचे शर्ट दिले.

अडचण एकच. मुलीचं गाव बेटावर!

म्हणजे एरवी ती कुरणवाडी नावाची साधी वाडी. पण धरण भरलं, की चारी बाजूंनी पाणी येतं आणि वाडीचं बेट होतं. मग उन्हाळा लागेपर्यंत सगळं जाणं-येणं पाण्यातनं. तेही गुऱ्हाळाच्या काहिलीतनं! ज्या काहिलीत आपण उसाचा रस कढवतो, त्यात ही माणसं बसून दूध डेअरीला नेतात, गॅसचा सिलिंडर आणतात आणि वेळ आली तर शेळीलाही फिरवून आणतात.

मुलीच्या वडिलांचा, मारुतीरावांचा, आदल्या दिवशी फोन आला.

"पाव्हणं, येताना उन्हाचं, थंडीचं, पावसाचं, समदं घेऊन या. ह्या महिन्यात बेटावर तिन्ही एकाच दिवशी असतंय."

मी हसलो. मला! ऑक्टोबरचे कपडे! हे म्हणजे माशाला धरण दाखवण्यासारखं झालं.

मी वाइन कलरचा कोट, तसलीच पँट आणि पांढरा शर्ट काढला. पँट कमरेला जरा दाटत होती. पण उभं राहिल्यावर काय दिसत होतो म्हणून सांगू! आरशासमोरनं हलवेना.

आई म्हणाली, "नागू, सुती पँट घाल रं. वाकाय-बसाय बरी."

"आई, तुला फॅशनमधलं काय कळतंय? मी तिथं वाकायला चाललो न्हाय!"

चुलतभाऊ भावकूनं गाडी काढली. आई पुढं बसली. मी मागं, चुरगळू नये म्हणून जवळजवळ आडवा.

निपाणीच्या अलीकडं हायवे सोडून आम्ही आत शिरलो आणि पाण्याच्या काठाला पोचलो, तेव्हा धुकं एवढं होतं की बेट तर सोडाच, भावकूचं नाकसुद्धा दिसत नव्हतं. थंडीनं दातावर दात वाजत होते. तेवढ्यात धुक्यातनं एक काहील गोल गोल फिरत आली. वल्हं मारणारा माणूस आपादमस्तक गुंडाळलेला. पायात गमबूट, अंगात रेनकोट, डोक्याला माकडटोपी, वरून मफलर. फक्त डोळे तेवढे दिसत होते.

"बसा," घोगरा आवाज आला. "बसल्यावर उभं ऱ्हायाचं न्हाय."

आम्ही बसलो. काहील निघाली. गप्प बसणं माझ्या धंद्यातच नाही. मी म्हटलं, जरा माहिती काढावी.

"काका, मारुतीरावांचं घर कसं काय वं?"

"मारुतीराव देवमाणूस."

"आणि बायको?"

वल्हं जरा थांबलं. "का वं?"

"न्हाय, घरात तिचंच चालतंय म्हणं. लई कडक बाई हाय असं ऐकलंय."

"हाय जरा," काका म्हणाले आणि वल्हं असं मारलं, की पाण्याचा एक फवारा थेट माझ्या तोंडावर!

निम्म्या वाटेत धुकं फाटलं. ऊन आलं. पाण्यावर बगळे, पलीकडं हिरवं बेट, कौलांची घरं. काय देखावा! असल्या देखाव्यात असला कोट घालून फोटो काढला नाही, तर कोट घालायचा कशाला? मी मोबाईल काढला आणि उभा राहिलो.

"बसा!" काका ओरडले.

काहील कलली. आईनं "अगं माय गं!" म्हणून माझा कोट खाली ओढला. मी दाणकन बसलो. आणि...

टर्रर्रर्र!

"बेडूक वरडला काय रं?" भावकूनं पाण्यात बघत विचारलं.

बेडूक नव्हता. मागच्या बाजूनं धरणाचा गार वारा सरळ आत आला, त्यावरनं मला सगळं कळलं. पँट गेली होती. शिवणीत नव्हे, चांगली ऐसपैस गेली होती! नशीब एवढंच, की कोट लांब होता. कोट अंगावर आहे तोवर इज्जत अंगावर आहे, हे मी मनाशी पक्कं केलं.

बेटावर उतरलो तर काठावर सगळी वाडी जमलेली. दहा-बारा घरांचं बेट. तिथं पाहुणा म्हणजे सर्कस! एका म्हाताऱ्यानं तर आम्हाला बघायला घरातनं खुर्ची आणली होती. हे रवळूआप्पा. बेटावर डॉक्टर नाही, त्यामुळं कुणालाही काही झालं की निदान तेच करतात, असं मारुतीरावांनी कौतुकानं सांगितलं.

"बर्री बर्री! या, बसा!" मारुतीराव म्हणाले.

अंगणात बाजेवर आम्हाला बसवलं. मी पाठ भिंतीला लावून बसलो, कोटाची शेपटं दोन्ही बाजूंनी आत खोचून. तेवढ्यात घरातनं चांगली नऊवारी नेसलेली एक बाई पाण्याचे तांबे घेऊन आली. माझ्यासमोर तांब्या धरून घोगऱ्या आवाजात म्हणाली, "घ्या पाणी. मी सुनंदा. मारुतीरावांची कडक बायकू."

हा तर काहिलीतला आवाज! काका!

"सर्दी झालीया म्हणून टोपी घातलीती," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. जाताना हसल्या की दात खाल्ले, ते कळलं नाही.

आता तुम्हीच सांगा, असल्या बाईच्या घरात 'माझी पँट फाटली, सुई-दोरा द्या' म्हणून कुठल्या तोंडानं सांगायचं?

आणि ऊन चढलं. कसलं ऊन! चारी बाजूंच्या पाण्यावरनं उलटून पुन्हा आमच्याच अंगावर यायचं. सगळ्यांनी स्वेटर काढले, मफलर काढले. रवळूआप्पांनी सदरासुद्धा काढला. घोटून दाढी केलेल्या माझ्या गालावरनं घामाच्या धारा लागल्या.

"पाव्हणं, कोट काढा की!" मारुतीराव म्हणाले.

"न्हाय, बरं हाय."

"अवो, उकडतंय!"

"मला... मला जरा थंडी वाजतीया!"

एवढं एकच वाक्य! पण बेटावर एवढ्या वाक्यावर आठवडा निघतो.

रवळूआप्पा खुर्चीवरनं उठले. माझा हात धरला. डोळ्याची पापणी खाली ओढून बघितली. "भर उन्हात थंडी, वरनं घाम. हिवताप!" त्यांनी जाहीर केलं.

झालं! पळापळ सुरू झाली. मारुतीरावांनी आपलं घोंगडं आणून माझ्यावर टाकलं. शेजारणीनं तिचं आणलं. शेजारणीशी तिच्या जावेची स्पर्धा असावी, तिनं दोन आणली! सुनंदाकाकूंनी मिरी-सुंठेचा उकळता काढा आणला आणि तो पिऊन होईपर्यंत समोरनं हलल्या नाहीत. दुकानात लोकरी स्वेटर विकून विकून मी जेवढे लोक उबदार केले असतील, त्या सगळ्यांची ऊब त्या दिवशी एकट्या माझ्या वाट्याला आली!

मी भावकूला जवळ बोलावलं आणि त्याच्या कानात खरं काय ते सांगितलं. म्हटलं, हा काहीतरी मार्ग काढेल. भावकूनं काय केलं? खांद्यावरचा टॉवेल तोंडात कोंबला, भिंतीकडं तोंड केलं आणि गदागदा हलायला लागला.

रवळूआप्पा हळूच म्हणाले, "भाऊ रडाय लागलाय. दुखणं मोठं दिसतंय."

ते ऐकून आईनं हंबरडा फोडला. "नागू! सकाळधरनं बोलला न्हायीस रं माज्या लेकरा!"

"आई, अगं, मला काय झालं न्हाय!"

"असंच म्हणतंय बगा! लहानपणापासनं असंच सोसतंय!"

बेटावरच्या बायका पदर डोळ्याला लावायला लागल्या. माझी आत्ताच ओळख झालेली, पण रडू अगदी मनापासून! मी उठायला बघत होतो. पण उठावं तर घोंगडी सरकणार, घोंगडी सरकली तर कोट सरकणार.

"निपाणीला न्या!" रवळूआप्पांनी हुकूम सोडला. "काहील काढा! बाजेसकट उचला!"

आणि खरंच उचललं हो! चार गड्यांनी बाज खांद्यावर घेतली. वर मी, माझ्यावर घोंगडी, मागनं रडणारी आई, तिच्यामागं टॉवेलात तोंड घालून हलणारा भावकू आणि मागनं सगळं बेट. समोर उतार, उताराच्या टोकाला पाणी. काठावर पोचताच बाज कलली, मी घसरायला लागलो, कोट वर गेला, आणि माझा धीर सुटला.

"थांबा! ताप न्हाय मला! पँट फाटलीया! माझी पँट फाटलीया!"

बाज जागच्या जागी थांबली. पाण्यावरनं माझाच आवाज फिरून आला, "पँट... पँट..." आणि पलीकडच्या काठावरनं कुणीतरी मोठ्यानं विचारलं, "कुणाची वं?"

मग घराच्या बाजूनं हसू ऐकू आलं. साधं नव्हे, बांध फुटल्यासारखं! मी मान वळवून बघितलं. जड इरकल साडी नेसलेली, घामानं निथळणारी, कपाळाला केस चिकटलेली प्रियदर्शनी स्वयंपाकघराच्या दारात चौकट धरून हसत होती. डोळ्यातनं पाणी येत होतं.

"आई," ती श्वास घेत म्हणाली, "आता तरी ही साडी बदलू का गं? सकाळधरनं ह्या रेशमात शिजाय लागलीया मी! पाव्हण्यांच्या अंगात तसला कोट, म्हणून मला बी ही साडी. दोघंबी मरू की अशानं!"

फोटोपेक्षा दसपटीनं चांगली दिसत होती. मी बाजेवर आडवा असल्यामुळं उलटी दिसत होती, तरीसुद्धा!

पुढचं सगळं भराभरा झालं. मारुतीरावांनी आपलं धोतर दिलं. ते नेसायला मला येईना, म्हणून भावकूनं नेसवलं, आणि दर गाठीला एकदा हसून घेतलं. कोट दोरीवर वाळत गेला. प्रियदर्शनी सुती पंजाबी ड्रेस घालून पोहे घेऊन आली. अंगावरनं गार वारा गेला तेव्हा मला पहिल्यांदा ते बेट सुंदर वाटलं. कोंबड्या पायात फिरत होत्या. शेजारणीची म्हैस व्यालेली, त्यामुळं पोह्यांमागनं खरवसही आला. आईचं रडणं थांबलं होतं. पण सगळ्या बायकांनी मिळून एवढं रडल्यावर परकेपणा कुठला राहतो? त्या आता एकमेकींना सांडग्यांची कृती सांगत होत्या.

सुनंदाकाकूंनी मला आपादमस्तक बघितलं. धोतर, बनियन, सेल्समनची घोटलेली दाढी. मी मान खाली घातली.

"पोरगं खोटं बोलतंय," त्या नवऱ्याला म्हणाल्या. मी धोतराची गाठ घट्ट धरली. "पर त्याला खोटं जमत न्हाय. सोताच वरडून सांगतंय. असला जावई बरा!"

सगळे हसले. मारुतीरावांनी मुलीकडं बघितलं. "तुला काय इचारायचं आसंल तर इचार."

आता पगार विचारणार, शिक्षण विचारणार, मी तयार होतो. प्रियदर्शनीनं एकच प्रश्न विचारला.

"तुमाला पोहायला येतंय?"

आई तोंड उघडणार होती. मी तिच्या पायाला पाय लावला.

"म्हंजे काय! कंग्राळीच्या इहिरीत लहानाचा मोठा झालोय मी!"

"खरं?"

"माशासारखा!"

तिनं ओठ दाबून हसू आवरलं. "मग बरं झालं. माझा होकार हाय. दिवाळी झाल्यावर साखरपुड्याला आमी काहील पाठवत न्हाय. तुमी पोहूनच या!"

बेटानं टाळ्या वाजवल्या! मी पण वाजवल्या. काय करणार?

परतताना पाऊस आला. मारुतीरावांनी सांगितलेलं तिसरंही खरं झालं. मी त्यांच्याच धोतरात, घोंगड्याची खोळ डोक्यावर घेऊन काहिलीच्या तळाशी मुठीत जीव धरून बसलो. वल्हं मारायला स्वतः प्रियदर्शनी आली होती. तिनं काहील दोनदा उगाचच गरागरा फिरवली. मी हूं की चूं केलं नाही. माशासारखा ना!

तर मंडळी, सध्या मी रोज सकाळी दुकानात जायच्या आधी पाठीला पत्र्याचा डबा बांधून आमच्या विहिरीत उतरतो. पायरी सोडायला अजून जमत नाही. बरोबर दुसरीतली पोरं आहेत, ती सगळी माझ्या पुढं आहेत. त्यातली एक चिमुरडी काल माझ्याजवळ पोहत आली आणि समजुतीनं म्हणाली, "अण्णा, भिऊ नको. मी बी पयला लई रडत हुते."

"मी रडत नाही गं," मी पायरी घट्ट धरून म्हटलं. "डोळ्यात पाणी गेलंय!"