बृहस्पतीचा नंबर पहिला

नंबर लावण्यात माझा हात धरणारा माणूस अख्ख्या बडोद्यात सापडायचा नाही! आजवर इथे जेवढे कीर्तनकार येऊन गेले, त्या सगळ्यांचा क्रम माझ्या डोक्यात पक्का आहे. पहिले बळवंतबुवा. मधल्या मंडळींबद्दल देवळात वाद घालायची माझी तयारी असते. सातवे डभोईचे गोविंदबुवा. माणूस गोड, पण आवाज असा की पेटी बिचारी लाजून हळू वाजते.

त्यामुळे आमच्या कौमुदीला एकाच आठवड्यात अमेरिकेतल्या दोन विद्यापीठांत प्रवेश मिळाला, तेव्हा मी सौ.ला म्हटलं, "सुहासिनी, काळजी सोड. हा आपला विषय!"

कौमुदीचा विषय मात्र वाळवी. खरंच वाळवी! लोक वाळवी दिसली की रॉकेल शोधतात, आमची कन्या भिंग शोधते. एम.एस्सी. झाली आणि आता त्यातच पीएच.डी. करायचं म्हणते.

दोन्ही विद्यापीठांची नावं मालगाडीसारखी लांब, म्हणून घरात आम्ही एका युनिव्हर्सिटीला 'पूर्वेची' म्हणायचो आणि दुसरीला 'पश्चिमेची'. सयाजीगंजात जुन्या पुस्तकांच्या दुकानात एक अमेरिकन मासिक मिळालं. त्यात सगळ्या विद्यापीठांचे नंबर! मला तर देवदर्शन झाल्यासारखं वाटलं. पूर्वेची पहिली. पश्चिमेची त्रेचाळिसावी.

"त्रेचाळीस!" मी ओरडलो. "अगं, शर्टसुद्धा बेचाळीस नाहीतर चव्वेचाळीस नंबरचा असतो! त्रेचाळीस हा काय आकडा झाला?"

"बाबा, पूर्वेकडे वाळवीवर काम करणारा एकही माणूस नाही. सगळे फुलपाखरंवाले. पश्चिमेच्या बाईंनी तीस वर्षं फक्त वारुळं पाहिली आहेत."

"मग फुलपाखरांवर कर! दिसायलाही बरी!"

कौमुदीने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी वारूळ असतो तर तिथल्या तिथे कोसळलो असतो.

सौ.चं म्हणणं तिसरंच. मुळात मुलीला सातासमुद्रापार धाडायचं, यालाच तिने महिनाभर नवसासायासांनी होकार दिला होता. "कुठेही जा," ती म्हणाली, "पण माझं मन बदलायच्या आत जा!" सोमवारी फॅक्सने उत्तर पाठवायचं होतं.

तेव्हा मला युक्ती सुचली. बाप सांगतो ते मुलं ऐकत नाहीत. पण नारदाच्या गादीवर उभं राहून बुवांनी सांगितलं की ब्रह्मदेवालाही उलट बोलता येत नाही! कीर्तनात मधे तोंड घालायचं नाही, हा नेम आमच्या घरात कौमुदी रांगत होती तेव्हापासूनचा. ठरलं. जाणाऱ्या लेकीला आशीर्वाद म्हणून शनिवारी संध्याकाळी सोसायटीच्या चौकात कीर्तन!

"गोविंदबुवांना बोलवा," सौ. म्हणाली. "कसं हसत हसत सांगतात."

"सातव्या नंबरला? मुलगी एकदाच जाते अमेरिकेला!"

मी थेट बळवंतबुवांचे पाय धरले. "बुवा, लेक लांब चालली आहे विद्येसाठी. श्रेष्ठ गुरूच धरावा, दुय्यम धरू नये, असं काहीतरी होऊ द्या."

"निश्चिंत असा, दत्तोपंत! श्रोत्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या नाहीत, तर बळवंतबुवा नाव लावणार नाही!"

इथेच मी विचारायला हवं होतं, की धारा कशाला? पण पहिल्या नंबराला कोणी प्रश्न विचारतं का!

शनिवारी चौक गच्च भरला. शेजारच्या हसुमतीबेन मराठी नीट कळत नसतानाही पहिल्या रांगेत. पूर्वरंग असा रंगला म्हणता! श्रेष्ठ गुरूचा महिमा, परिसाची संगत, काय नि काय! प्रत्येक वाक्याला मी कौमुदीला कोपराने ढोसत होतो. मध्यंतरात मी स्वतः बुवांना बुक्का लावला, हार घातला. मनात म्हटलं, फॅक्स गेलाच!

उत्तररंग सुरू झाला. बुवांनी उपरणं सावरलं आणि म्हणाले, "आता आख्यान, कचाचं!"

कच म्हणजे देवांचा गुरू बृहस्पती, त्याचा मुलगा. मी खूश! बृहस्पती म्हणजे त्रैलोक्यात पहिला नंबर!

"पण श्रोतेहो," बुवांनी हात उंचावला, "संजीवनी विद्या बृहस्पतीपाशी नव्हती! ती होती दैत्यांच्या गुरूपाशी, शुक्राचार्यांपाशी. आणि कच बापाचं घर सोडून तिकडे निघाला!"

कौमुदी ताठ बसली. आता तिचं कोपर माझ्या बरगडीत आलं.

एवढ्यावर भागलं असतं तर मी तुम्हाला हे सांगायला बसलोच नसतो. पुढची कथा मला तोंडपाठ, त्यामुळे मला दरदरून घाम फुटला. बुवांचा आवाज थरथरला. "परक्या मुलखात... एकटं लेकरू... गाई राखायला रानात गेलं... आणि दैत्यांनी गाठून..."

सौ.ने माझं मनगट धरलं. बुवांना थांबवणं तर पाप! श्रोत्याला कीर्तनात एकाच गोष्टीची मुभा असते, ती म्हणजे गजराची. मी टाळ्या पिटत ओरडलो, "जय जय राम कृष्ण हरी!"

सगळा चौक माझ्यामागे गाऊ लागला. बुवा प्रसन्न झाले! श्रोता एवढा तल्लीन झालाय म्हटल्यावर त्यांनी कचाचे तुकडे केले, लांडग्यांना घातले, आणि लांडगे कसे जेवले तेही सांगितलं.

शुक्राचार्यांनी त्याला जिवंत केलं, तर दैत्यांनी पुन्हा मारला. मी पुन्हा गजर! बुवा आणखी खुलले. "पाहा, दत्तोपंतांना भाव आवरत नाही!" म्हणत त्यांनी कचाचं चूर्ण करून समुद्रात कालवलं. तिसऱ्यांदा तर त्याला जाळलं आणि ती राख शुक्राचार्यांच्या मद्यात!

"दारू?" हसुमतीबेनना तेवढं बरोबर कळलं. "अहीं तो दारूबंधी छे! त्यां बधुं खुल्लेआम?" इथे गुजरातेत बंदी आणि तिकडे सगळं उघड, हे त्यांना पटेना.

सौ.च्या डोळ्यांतून आता धारा नव्हे, नर्मदा वाहत होती. कच त्यातूनही जगला, तर शेवटी गुरूची मुलगी देवयानी कचाच्या प्रेमात पडली, त्याने नाही म्हटलं, आणि तिने शाप दिला की शिकलेली विद्या तुला फळणार नाही! अख्खा चौक हुंदके देत होता. बुवांनी नाव राखलं.

आरती झाली तशी सौ.ने डोळे पुसले आणि मोठ्याने जाहीर केलं, "कौमुदी कुठेही जाणार नाही! पूर्वेला नाही, पश्चिमेला नाही! वाळवी आपल्या माळ्यावरही आहे!"

"आई!" कौमुदी कळवळली. आता मात्र मलाही कुठे तोंड लपवू असं झालं. पोरीचे तीन वर्षांचे कष्ट, आणि मी ते एका संध्याकाळी राखेत कालवून पाजले!

पण ती माझीच मुलगी. ती सरळ बुवांच्या पाया पडली. "बुवा, बृहस्पतीचा नंबर कितवा?"

"पहिलाच, बाळ."

"आणि संजीवनी?"

"ती शुक्राचार्यांपाशी."

"ऐकलंत, बाबा?" मग तिने पर्समधून पश्चिमेच्या बाईंचा फोटो काढून आईपुढे धरला. साठीची, पांढऱ्या केसांची बाई, चिखलात गुडघे टेकून वारुळात डोकावते आहे.

सौ.ने फोटो जवळ नेला, लांब धरला. "या गुरू? आणि घरात कोण? मुलगे वगैरे?"

"दोन कुत्रे."

सौ. बुवांकडे वळली. "बुवा, शुक्राचार्यांच्या जागी बाई असती, तर कच मेला असता?"

बुवा मिशीत हसले. "पहिल्यांदासुद्धा नाही, वहिनी! बाई संध्याकाळी पानं मांडतानाच म्हणाली असती, एक पान कमी कसं? आधी त्याला शोधा, मग जेवा!"

सौ.ने आणखी एकदा नाक पुसलं. "मग पश्चिमेला जा," ती म्हणाली. "पण पोचल्याबरोबर फोन करायचा."

"अगं, पण नंबर..." मी चाचरलो.

"तुमचा नंबर!" सौ. कडाडली. "पहिल्या नंबरचे बुवा आणलेत, पण ते कशात पहिले, ते विचारलंत का? रडवण्यात! मी गोविंदबुवा म्हणत होते!"

सोमवारी फॅक्स पश्चिमेला गेला. मीच नेऊन दिला.

आता कौमुदीला जाऊन वर्ष होत आलं. पोरगी मजेत आहे, कुत्र्यांना मराठीतून रागावते. देवळात कोणी चौकशी केली, की मी छाती काढून सांगतो, "पहिल्या नंबरच्या विद्यापीठात आहे!" खोटं कशाला बोलू? वाळवीत ते पहिलंच आहे!

आणि कोणी खोदून विचारलंच, "पहिला म्हणजे कशात हो, दत्तोपंत?" तर मी डोळे मिटतो, टाळ्या पिटतो आणि जोरात गजर सुरू करतो.