एका फांदीचं झाड

साळवे सरांना "चहा घेता?" असं विचारलं तर सरळ उत्तर कधीच मिळत नसे.

"चहा म्हंजे? दुधाचा का बिगर दुधाचा?"

दुधाचा.

"आत्ता का मंग?"

आत्ता. मग ते "हो" म्हणत. तोवर आईचा चहा आटून निम्मा झालेला असे.

सर आमचे जालन्यातले शेजारी. कॉलेजात गणित शिकवायचे, एकटे राहायचे. एका उन्हाळ्यात ते हैदराबादला कॉम्प्युटरचा कोर्स करून आले. सत्तरच्या दशकातल्या जालन्यात कॉम्प्युटर कुठला? म्हणून त्यांनी तो आमच्यावर चालवला. खिशात कायम खडू. कोणी अडचण सांगितली की फरशीवर बसून झाड काढायचे. वर प्रश्न, खाली 'हो' आणि 'नाही' अशा दोन फांद्या, त्यांना पुढचे प्रश्न, अगदी खालच्या पानावर निर्णय.

"मूळ वर अन् पानं खाली?" आई हसायची.

"कॉम्प्युटरचं झाड असंच असतंय, वहिनी. पन फांद्या दोन पायजेत. एकच असली त ते झाड न्हाई, काठी हाय."

मी इंग्रजी शाळेतली. मराठी बोलताना अडखळायची, म्हणून गप्पच असायची. सरांपुढे मान हलवली तरी भागायचं.

बीएस्सीनंतर पुण्याच्या एका कंपनीनं मला प्रोग्रामिंग शिकायला बोलावलं. बाबा म्हणाले, "पुणं लांब आहे." सरांनी खडू काढला.

"लांब म्हंजे काय, भाऊ? रातच्या यष्टीत बसलं त सकाळी पोचतं का न्हाई?"

"पोचतं. पण मुलगी एकटी..."

"एकटी म्हंजे खोलीत दुसरं मानूस न्हाई, बराबर? होस्टेलात खोलीला तीन पोरी. बिलकुल एकटी न्हाई."

"लोक काय म्हणतील?"

"लोक म्हंजे कोन? नावं सांगा."

बाबांना खूप वेळानं एकच नाव सुचलं. "तुम्ही."

"मी त म्हनतो, जाऊ द्या."

शेवटचा प्रश्न होता, 'तिची इच्छा?' घरात तो कोणी विचारलाच नव्हता. मी मान हलवली. सरांनी पानावर लिहिलं, 'जा.'

सगळे आत गेल्यावर मी आपणहून विचारलं, "सर, तुमच्या खोलीत दुसरं माणूस आहे?"

हो-नाहीचाच प्रश्न होता. पण सरांनी वाकून 'जा'खाली लिहिलं, 'सुट्टीत येणार?' त्याला एकच, 'हो'ची फांदी काढली आणि खडू खिशात टाकला.

"सर, ही काठी झाली."

"ऱ्हाऊ दे," सर म्हणाले. "काठी बी लागती मानसाला."