नाइकाचा जमादार

आमच्या रहिमतपुरात पलटणीतून परतलेले गडी पोत्यानं सापडतील. पण रोज सकाळी तोंडही न धुता कासवाला सॅल्यूट ठोकणारा एकच, ज्ञानू नाईक. 'नाईक' हे आडनाव नव्हे, हुद्दा. कासव मात्र जमादार होतं.

"आवं गुर्जी, पल्टनीचा कायदा हाय," तो मला म्हणायचा. "पाठीवर कवच असू दे न्हाईतर केस, वरचा त्यो वरचा."

महायुद्धाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी आफ्रिकेतून पायात गोळी आणि खिशात हे कासव घेऊन नाईक परतला. तेव्हा ते वाटीएवढं होतं, म्हणून लान्स नाईक. ताटाएवढं झालं तेव्हा नाईक. परातीएवढं झालं तेव्हा हवालदार. त्या दिवसापासून ज्ञानू त्याच्यापुढं विडी ओढेना. आणि पीठ मळायच्या काथवटीएवढं झालं तेव्हा अंगणात जमादारकीच्या बढतीची परेड झाली नि सॅल्यूट सुरू झाला. प्रत्येक बढतीला माप म्हणून त्याच्या बायकोचं, पारूवहिनींचं भांडं जायचं. "रुखवतातली परात माझी," वहिनी म्हणायच्या, "आन् शोभा त्या मेल्याची."

घर दोन खणांचं. त्यात जमादार रोज बोटभर वाढायचा. निदान मला तरी तसं दिसायचं. एकदा वहिनींचे व्याही पाट समजून त्याच्यावर बसले आणि फेटा बांधू लागले. शेवटचा वेढा पडला तेव्हा ते गोठ्यात होते. एकदा त्यानं भिंतीला खांदा लावला नि अख्खं घर हातभर सरकलं. तेव्हापासून घराचं दार मारुतीऐवजी न्हाव्याकडं बघतं. खोटं वाटत असेल तर न्हाव्याला विचारा.

शेवटी एका सकाळी जमादार स्वयंपाकघराच्या दारात अडकला. पुढं जाईना, मागं येईना. वहिनी आत चुलीपाशी, नाईक बाहेर उपाशी. दुपारी सुताराकडून चौकट काढवली तेव्हा वहिनी बाहेर आल्या त्या तोंडाचा पट्टा सोडूनच.

"ह्या घरात आता त्यो तरी ऱ्हाईल, न्हाईतर मी. आमुशापतूर सांगा."

 नाईक ज्वारीची पानं घेऊन जमादारापुढं बसला नि रोजच्यासारखं त्याला हबशी भाषेत म्हणाला, "ऊटा आतेन, अव्वा?"

ही हबशी भाषा साऱ्या गावाला पाठ होती. मी तर ती भूगोलाच्या धड्यात बसवली होती. शाळेत आफ्रिका खंड शिकवताना 'तेथील लोक एकमेकांस असे अभिवादन करतात' म्हणून चौथीच्या वर्गाकडून घोकून घेतली होती. त्याच आठवड्यात तपासणीला डिपोटीसाहेब आले. नवे, धारवाडकडचे. साहेबांनी आफ्रिकेविषयी विचारताच पन्नास पोरं उठली आणि छपराची कौलं हलतील अशा आवाजात ओरडली, "ऊटा आतेन, अव्वा?"

साहेबांनी चष्मा काढला. "जेवण झालं आहे," ते म्हणाले. "पण मास्तर, ही कानडी आहे. आणि मी यांची आई कसा?"

मी तडक नाइकाच्या अंगणात गेलो. "नाईक, नोकरी जाता जाता वाचली माझी. कासवाला कानडीतून आई म्हणता होय?"

मला वाटलं, हसेल. तो जमादाराच्या पाठीवरची धूळ पुसत राहिला.

"कासवाला न्हवं, गुर्जी," तो म्हणाला. "माजा पल्टनीतला जोडीदार हुता, इराप्पा. जतचा. हे पिल्लू त्येलाच घावलं. म्हनला, आईला दावायचं. आन् मला म्हनला, म्हातारीला मराठी येत न्हाई. माज्याआदी तू पोचलास तर पयलं हे इचार. जेवलीस का, आई. त्यो गेल्याची तार तवाच पोचली तिला. मीच पोचलो न्हाई."

"सात वर्षं झाली, नाईक."

"व्हय. दर साली म्हनायचो, लय बारकं हाय, जरा मोटं हू दे, मग नेतो."

आम्ही दोघांनी जमादाराकडं पाहिलं. यापुढं मोठं व्हायला त्याला गावात जागा उरली नव्हती.

अवसेच्या आदल्या दिवशी आम्ही जतला निघालो. पारूवहिनींनी जमादाराच्या पाठीवर हळदीकुंकू वाहिलं नि नाइकाच्या हातात भाकरी बांधून दिली. मिरजेपर्यंत रेल्वे, पुढं बैलगाडी. बैलांनी दोनदा मागं वळून पाहिलं, तिसऱ्यांदा मलाच उतरायला लावलं. वाटभर नाईक ओठांतल्या ओठांत तेवढे तीन शब्द घोळवत होता. भाकरीच्या फडक्याची गाठही त्यानं सोडली नाही.

जतच्या माळावर मेंढवाड्याशेजारी इराप्पाचं खोपट होतं. दारात म्हातारी लोकर पिंजत बसलेली. नाइकानं जमादाराला उतरवून घेतलं, टोपी नीट केली आणि तिच्यापुढं सावधान उभा राहिला. तोंड उघडलं, शब्द फुटेना.

म्हातारीनं आधी त्याच्या लंगड्या पायाकडं पाहिलं, मग कासवाकडं. बराच वेळ पाहिलं. मग लेकाला विचारावं तसं तीच म्हणाली,

"ऊटा आतेन, अप्पा?"

सात वर्षं नाइकानं सवाल पाठ केला होता. जबाब त्याला कोणी शिकवलाच नव्हता. त्यानं जमादाराकडं पाहिलं, तर त्यानं मान आत घेतलेली. मग नाइकानंच हळूच मान हलवली, नाही म्हणून.

म्हातारी लोकर बाजूला सारून भाकरी आणायला आत गेली.